रेडिओचे पाच

"गुरुजी, हे मताचं दार साऱ्या देशात संगंच लागते का?" रुख्मिणीबाईने विचारले.

तांड्याच्या शाळेतले मतदान संपत आले होते. केंद्राध्यक्ष नरसिंग गुरुजी ओसरीवर येऊन पाणी पीत होते. रुख्मिणीबाई सकाळीच मत देऊन गेली होती आणि दुपारपासून पुन्हा फाटकाशी येऊन बसली होती. यंदा पहिल्यांदाच मत देणारी तिची मुलगी शिला बाळापूरकडे हळद काढायला गेली होती. संध्याकाळच्या आत जीपने परत येते, असे सांगून गेली होती.

गुरुजींनी सांगितले, सगळीकडे एकच वेळ नसते. गडचिरोलीकडे तीनलाच आटोपतात.

"माझा लेक प्रेमदास अरुणाचलात हाय, मिलिटरीत. तिकडं दिवस लवकर बुडते म्हणते. घड्याळ साऱ्यायचं एकच, मग दार येगयेगळं काहून?"

गुरुजी हसले. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आता मात्र तो डोक्यातून जाईना.

दार लावायची वेळ पाचची. त्याच सुमारास वाद निघाला. ओसरीच्या भिंतीवरचे घड्याळ मागे होते. उमेदवाराचे प्रतिनिधी तातेराव म्हणत होते, पाच होऊन गेले, दार लावा. गुरुजींचे घड्याळ तिसरेच काही सांगत होते. रुख्मिणीबाईच म्हणाली की रेडिओ आणा, त्याची वेळ साऱ्या मुलखाला एकच असते. सगळ्यांना पटले. शेजारच्या दुकानातला रेडिओ फाटकाशी ठेवला गेला. जो तो कान देऊन उभा राहिला. बातम्यांआधीची पिपपिप झाली आणि गुरुजींनी फाटकाला कडी घातली.

तेवढ्यात वळणावर धूळ उठली. जीप थांबण्याआधीच शिला उतरली आणि धावत आली. हात कोपरापर्यंत पिवळे होते.

"गुरुजी, त्या घड्याळात अजून वाजले न्हाईत," ती भिंतीकडे बोट करून म्हणाली.

खरेच वाजले नव्हते. गुरुजींनी तातेरावांकडे पाहिले. तातेराव जमिनीकडे पाहत होते. गुरुजींचा हात कडीवर तसाच होता.

"रेडिओचं ठरलं व्हतं, बाई," रुख्मिणीबाई म्हणाली. "मीच म्हणले व्हते."

शिला आईकडे बघत राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. जीपमधल्या बाया तांड्याकडे निघाल्या, ती मात्र शाळेच्या रस्त्याकडच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आत मशीन बंद करून पेटीत ठेवायचे काम सुरू झाले होते.

"बटन दाबलं की कसा आवाज येते गं?" तिने मागोमाग आलेल्या आईला विचारले.

रुख्मिणीबाईने आठवून पाहिले. "लांबट. दाबलं की उगं वाजतच राहते."

पेटीवर लावायची लाख वितळवणाऱ्या शिपायाने खिडकी लावून घेऊ का, म्हणून विचारले. गुरुजींनी मान हलवून नको म्हटले. मग त्यांनी टेबल थोडे ओढून खिडकीच्या बाजूला घेतले आणि बाहेरून शिलाला नीट दिसेल अशा बेताने पेटीला मोहोर लावू लागले.