चुकीच्या पट्ट्यांवरचे स्टिकर

घरी पियानो शिकवायला तीन बाया आल्या, तिघींनाही मी पहिल्याच दिवशी वाटेला लावलं. प्रत्येकीचं एकच पालुपद: “पट्ट्यांवर सुरांच्या नावांचे स्टिकर एकेक पट्टी सरकून लागलेत. आधी ते काढा!”

नवरा वैतागला. “तुला शिकायचंय की भांडायचंय?”

चौथे आलेले मास्तर वयस्कर होते. स्टिकर बघून त्यांनी विचारलं, “कोणी लावले?”

“आमच्या लेकीनं. ती गेली. तिचं अर्धवट राहिलेलं गाणं मला शिकायचंय.”

मास्तर माझ्या शेजारी बसले. मग माझी बोटं पट्ट्यांवर ठेवत म्हणाले, “मग स्टिकर सांगतील तसंच वाजवू.”

गाणं वाकडंतिकडंच निघालं, लेक वाजवायची अगदी तसं. तेवढ्यात आतल्या खोलीतून नवरा लेकीला हाका मारत धावत आला.