बाईसाहेबांसाठी राखीव

"मावशी, दार उघडा, नाहीतर मी इथंच खाली बसते," नव्यानं भरती झालेली पोलीस पोरगी म्हणाली, आणि नेमका तेव्हाच सभामंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मावशी म्हणजे पोलिसांतली जुनी शिपाई. निवृत्तीला आलेली. आज तिचा बंदोबस्त मैदानामागच्या एका संडासाच्या दारावर होता. राज्याच्या प्रमुख बाईसाहेब भाषणाला आल्या होत्या. त्यांना लागलंच तर म्हणून ही खोली मुद्दाम उभारली होती. आत गुळगुळीत फरशी, आरसा, वासाचा साबण. सकाळी पोलिसांचं कुत्रं कोपरान् कोपरा हुंगून गेलं, मग कुलूप लावून बंदोबस्तावरच्या साहेबांनी चावी मावशीच्या हातात दिली. बाईसाहेबांशिवाय चिटपाखरूही आत जाता कामा नये, अशी ताकीद होती.

उजाडल्यापासून मैदानाभोवती उभ्या असलेल्या बायका-पोलिसांसाठी मात्र काहीही नव्हतं. पुरुषांचं काय, भिंत दिसली की त्यांची सोय झाली. बायकांची सोय एकच, पाणी प्यायचं नाही. मावशीनं अख्खी नोकरी अशीच काढली. मूतखड्यासाठी पोट फाडून घेतलं, पण रजेच्या अर्जात 'पित्त' असं लिहिलं. लाज वाटली म्हणून. कशाची लाज, देव जाणे!

"काय झालं गं?"

"पाळी आलीय. सकाळपासून बदललेलं नाही. साहेबांना विचारलं, तर म्हणाले सभा संपू दे."

"कारण सांगितलंस?"

"सांगितलं की! ते आभाळाकडे बघायला लागले."

कर्ण्यातून बाईसाहेबांचा आवाज घुमत होता. "कारभार म्हणजे नुसत्या इमारती नव्हेत! ज्याला कोणी विचारत नाही, त्याची विचारपूस म्हणजे कारभार! सुरक्षा म्हणजे नुसते पोलीस नव्हेत! माझ्या राज्यातल्या लेकीला घराबाहेर अवघडून उभं राहावं लागू नये, ही सुरक्षा!"

मावशीला बाईसाहेब मनापासून आवडत. घरी नवरा त्यांना नावं ठेवायला लागला की ती पदर खोचून भांडे. बाईमाणूस आहे, बाईचं दुखणं तिला कळतं, असं सुनावे. आताचं वाक्यही तिला पटलं. पटलं म्हणूनच तिनं कुलूप काढलं.

"जा आत. आणि निवांत ये."

"मावशी, तुमची पेन्शन?"

"माझ्या पेन्शनचं मी बघते. तू आधी तुझं बघ."

ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली ठाऊक नाही, पण एकेक करत पोरी येऊ लागल्या आणि दारापुढे रांग लागली. कर्ण्यावर विकासाचा मुद्दा निघाला होता. विकास प्रत्येकाच्या दारात पोहोचलाय, असं बाईसाहेब सांगत होत्या.

"आपल्या दारात नाही आला," रांगेतली एक जाडजूड पोलीसबाई म्हणाली, "पण आपण तरी त्याच्या दारात पोचलो!"

सगळ्या खिदळल्या. तेवढ्यात साहेब धावत आले.

"हे काय चाललंय? अक्कल गहाण टाकलीय का?"

"इतकी वर्षं होती, साहेब," मावशी म्हणाली. "आजच सोडवून आणली."

साहेब पुढचं काही बोलणार, तोच भाषण संपलं आणि अंगरक्षकांच्या घोळक्यातून स्वतः बाईसाहेब समोर आल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी मात्र दारासमोरून हलली नाही.

"आत एक मुलगी आहे, बाईसाहेब. जरा थांबावं लागेल."

बाईसाहेबांना 'थांबा' म्हणणारं माणूस बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. त्यांनी रांगेकडे पाहिलं.

"तुमची सोय केली नव्हती?"

"कधीच नसते. तुमच्या आधीच्यांच्या वेळीही नव्हती. पण ते पुरुष होते, त्यांच्याकडून आम्ही आशाही ठेवली नव्हती."

तेवढ्यात दार उघडलं. बाहेर आलेली पोरगी समोर बाईसाहेबांना बघून इतकी दचकली की तिनं ओल्या हातानंच सलाम ठोकला. बाईसाहेब आत जाऊन आल्या आणि मावशीपाशी थांबल्या.

"तुमचं म्हणणं खरं आहे. पण नियम मोडलात. कुणी आत काही ठेवून गेलं असतं तर? मला तुम्हाला पाठीशी घालता येणार नाही."

"नका घालू. माझं संपत आलंय. या पोरींना अजून अख्खी नोकरी काढायचीय, त्यांचं बघा."

बाईसाहेबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मावशीला कळलं नाही. गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या.

"बिल्ला काढा," साहेब म्हणाले. "निलंबित आहात तुम्ही. आणि चावी द्या इकडे."

मावशीला भडभडून आलं. तिनं बिल्ला काढला. मग तिचं तिलाच हसू आलं, कारण इतक्या वर्षांत एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं. बिल्ला तिनं साहेबांच्या तळहातावर ठेवला.

"चावी मिळेल, साहेब. पण सकाळपासून मीही गेलेली नाही."

ती आत गेली आणि तिनं कडी लावली. साहेब दार बडवायला लागले. तेव्हा रांगेतल्या पोरी पुढे सरकल्या आणि दार अडवून उभ्या राहिल्या.

"थांबा, साहेब," ती नवी पोरगी म्हणाली. "आत बाई आहे."