निरीक्षक गैरहजर

"काका, हे काय टाइप केलंय तुम्ही? डिसेंबरमध्ये स्नो?"

सुलेखाने हिरव्या पट्ट्यांचा लांबलचक कागद माझ्यापुढे धरला. एका ओळीपुढे तीन चांदण्या होत्या. आमच्या कॉम्प्युटरला एखादा आकडा पटला नाही की तो चांदण्या मारतो.

"मग? डिसेंबरमध्ये नाही तर कधी पडणार बर्फ?" मी म्हणालो. गेल्याच डिसेंबरात अमेरिकेत हर्नडनला माझ्या मुलाच्या, उल्हासच्या, ड्राइव्हवेवरचा बर्फ मी फावड्याने ओढला होता आणि नंतर तीन दिवस कंबर धरून पडलो होतो. बर्फ डिसेंबरात पडतो हे नव्यानेच शिकलो होतो, त्यामुळे पक्कं ठाऊक होतं.

"अहो, ऑस्ट्रेलिया आहे हे! तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. आपला मे महिना."

मी खजील झालो. मूळ रजिस्टरची झेरॉक्स काढली. २१ डिसेंबर १९६६. कमाल एक्केचाळीस, फॅरनहाइट. शेऱ्याच्या रकान्यात 'स्नो' असं स्वच्छ लिहिलेलं, आणि त्याखाली दोन रेघा.

"लिहिणाऱ्या बाईलाही आश्चर्य वाटलंय," मी म्हणालो. "नाहीतर दोन रेघा कशाला मारेल?"

सुलेखा हसली. "म्हणजे तुमची चूक बरोबर निघाली, काका!" तिने पेन्सिलीने चांदण्या खोडल्या.

तेव्हा मार्च होता, १९८७ सालचा. माझं नाव त्र्यंबक. सह्याद्रीतल्या एका थंड हवेच्या गावात, साडेचार हजार फुटांवर, मी तेहतीस वर्षं हवामान निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्याला कारण आहे. काम साधं होतं. टेकडीवरच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतले थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ वाचायचे, पावसाचं भांडं मोजायचं, रजिस्टर भरायचं आणि महिन्याअखेर पोस्टाने धाडायचं. निवृत्तीनंतर मुलगा उल्हास इथे घेऊन आला. इथे मला काही कामच नव्हतं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सुलेखा भेटली. मूळची नागपूरची, इथे हवामानशास्त्रात पीएच.डी. करणारी. मी निरीक्षक होतो असं ऐकताच प्रसादाची वाटी तशीच हातात धरून ती माझ्यासमोर बसली. तिच्याकडे एका ऑस्ट्रेलियन गावाच्या नोंदींच्या पेट्याच्या पेट्या होत्या आणि तिच्या डिपार्टमेंटमधल्या अमेरिकन पोरांना ते जुनं वळणदार अक्षर लागत नव्हतं. मला लागलं. मंगळवारी आणि गुरुवारी सूनबाई, म्हणजे शरयू, ऑफिसला जाताना मला युनिव्हर्सिटीत सोडायची.

त्या ऑस्ट्रेलियन गावाचं नाव बिंडारा. चार हजार तीनशे फूट. माझ्या गावापेक्षा दोनशे फूट खाली. पोस्ट ऑफिस चालवणाऱ्या मिसेस फॅरल रोज सकाळी नऊला नोंदी घ्यायच्या. बाई शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहायच्या. अकरापर्यंत धुकं. पश्चिमेचा वारा, पत्रा उडाला. जानेवारीत दुपारी गारा, बटाट्याचं पीक झोपलं. नळ गोठले. माझ्या गावालाही धुकं होतं, बटाटे होते, उडणारे पत्रे होते. बाकी मात्र सगळं उलटं. तिकडे दक्षिणेचा वारा गार आणि उत्तरेचा गरम. सप्टेंबरात वसंत. सकाळभर जुलैतलं दहिवर टाइप करून बाहेर पडावं तर व्हर्जिनियातला उकाडा अंगावर यायचा. स्वेटर घ्यावा की छत्री, हे मला खरोखर कळेनासं झालं होतं. एकदा शरयूला मी "आज थंडी फार आहे" असं म्हणालो. बाहेर ब्याण्णव होते. तिने हळूच माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दीपाला, माझ्या सहा वर्षांच्या नातीला, ताप आला. सकाळी उल्हास फोनवर मीटिंग कॅन्सल करत होता.

"अरे, जा तू. मी आहे ना घरात," मी म्हणालो.

"नको बाबा." त्याने फोन ठेवला. "घरात कोणी आजारी असताना मला नाही जमत ऑफिसला जायला. मी तुमच्यासारखा नाही."

तो चिडून बोलला नव्हता, कोरडेपणाने बोलला होता. मला ते लागलं. पण आमच्या घरात विषय काढायची पद्धत नव्हती. मी चहाचे कप विसळले.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्यापुढे जुलै १९६८ आला.

पहिल्या पाच-सहा ओळी टाइप केल्या आणि बोटं थांबली. काहीतरी बिघडलं होतं. पण काय, ते कळेना. अक्षर तेच, शाई तीच, आकडे नीटनेटके. सातपासून पंचवीस तारखेपर्यंत शेऱ्याचा रकाना कोरा. ज्या बाईने उडालेला पत्रा सोडला नाही, तिला एकोणीस दिवस लिहिण्याजोगं काही दिसलं नाही? मी किमान तापमानाचे आकडे पुन्हा पाहिले. तेहतीस पॉइंट चार. चौतीस पॉइंट दोन. तेहतीस पॉइंट सात. बत्तीस पॉइंट नऊ. एकाही आकड्याच्या शेवटी शून्य नाही. पाचही नाही.

थर्मामीटरवर पूर्ण अंशांच्याच रेघा असतात. मधला दशांश डोळ्याने ठरवायचा. थंडीत बोटं आखडलेली असताना डोळा आपसूक रेघेवर नाहीतर बरोबर मधोमध थांबतो. म्हणून खऱ्या रजिस्टरात शून्य आणि पाच भरपूर सापडतात. घरी बसून आकडे बनवणारा माणूस मात्र शून्याला आणि पाचाला भितो, कारण ते त्याला बनवलेले वाटतात. आणखी एक. तो थंडी कमी लिहितो. जास्त लिहिली तर कोणीतरी चौकशी करील.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. मी स्वतः असे आकडे लिहिलेले आहेत.

कॉम्प्युटरने त्या एकोणीस ओळींवर एकही चांदणी मारली नाही. दोन रेघा मारलेला खरा बर्फ त्याला खटकला होता आणि हे सगळं त्याने गिळलं. मी मान वर केली. समोरच्या भिंतीवर सुलेखाने ऑक्टोबरच्या कॉन्फरन्ससाठी काढलेला आलेख होता. बिंडाऱ्याच्या पन्नास हिवाळ्यांतला सगळ्यात नवलाचा तुकडा, म्हणजे जुलै १९६८, तिने लाल रंगाने रंगवला होता. महिन्याचे ठळक आकडे तिने आधीच स्वतः उतरवून घेतले होते. ऐन थंडीत सलग एकोणीस दिवस ऊब, पारा एकदाही गोठणबिंदूच्या, म्हणजे बत्तीसच्या, खाली नाही! तिच्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांगावं, तर पोरीचं वर्षाचं काम मातीत. आणि तिने "कशावरून?" म्हटलं तर काय सांगू? न सांगावं, तर बिंडाऱ्यात तेव्हा जी थंडी पडली ती कायमची पडलीच नाही. शिवाय मिसेस फॅरल. या बाईची चहाडी करायला मी तिचा साहेब होतो का? चार महिने तिच्याबरोबर धुकं पाहिलं होतं. एकोणीस दिवस ती कुठे होती? कोणासाठी गेली होती? सव्वीस तारखेला तिने पुन्हा शेरा लिहिला होता, एकच शब्द, 'फाइन'. कागदावर बघावं तर बाई रोज सकाळी नऊला थंडीत उभी. तिच्याही घरी कोणीतरी तसंच समजत असेल, असं मनात आलं. तिथे मात्र माझ्याच्याने राहवेना.

मंगळवारी मी सुलेखाला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं.

"काका, यू मस्ट बी जोकिंग," ती म्हणाली. मग कागद ओढून शेवटचे आकडे मोजायला लागली. मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. "ओके, शून्य-पाच नाहीयेत. पण कोइन्सिडन्स असू शकतो ना? प्रोफेसरना मी काय सांगू, की एका काकांना वाटतंय म्हणून डेटा डिलीट केला? तुम्ही इतके शुअर कसे?"

"कारण मी हेच केलंय," मी म्हणालो. "जानेवारी अठ्ठावन्न. नऊ ते एकोणीस. अकरा दिवस."

तिने कागद खाली ठेवला. मी सांगत गेलो, थांबता येईना. सुमित्राला, माझ्या बायकोला, विषमज्वर झाला होता. तिला साताऱ्याला हलवलं. रजेचा अर्ज केला असता तर बदली माणूस यायला पंधरा दिवस लागले असते. मी अर्ज न करताच गेलो. उल्हास सहा वर्षांचा होता, त्याला शेजारच्या राजारामकडे ठेवला. नोकरी जाऊ नये म्हणून राजाराम सगळ्यांना सांगायचा, त्र्यंबक वर ऑफिसातच असतो. उल्हासलाही त्याने तेच सांगितलं. पोर आहे, कुठे बोलून जाईल. सतरा तारखेला पहाटे सुमित्रा गेली. एकोणीसला परत आलो आणि एका बैठकीत अकरा दिवस भरून काढले. साहेबांनी त्या महिन्यावर 'उत्तम' असा शेरा मारला.

"सरकारी कागदाप्रमाणे माझी बायको गेली तेव्हा मी थर्मामीटर वाचत होतो," मी म्हणालो. "आणि ऐक. चौदाच्या रात्री आमच्याकडे दव गोठलं होतं. राजारामच्या बटाट्याचा पाला काळा पडला. मी लिहिलंय अठ्ठेचाळीस पॉइंट सात. ती थंडी आता कुठेच नाही."

सुलेखाने कागद बाजूला सारला. मग उठली आणि भिंतीवरचा आलेख काढून त्याची गुंडाळी केली. तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी की प्रकरणासाठी, ते मला कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

"एक वर्ष गेलं माझं, काका," ती म्हणाली. नंतर खणातून एक फॉर्म काढून तिने माझ्यापुढे सरकवला. "नोंद रद्द केली की रीझन लिहावं लागतं. तुम्हीच लिहा. मला नाही जमणार."

नोंद नसेल तिथे आमच्याकडे चार नऊ टाइप करतात. मी एकोणीस ओळींत चार-चार नऊ टाइप केले. फॉर्मवर इंग्रजीत 'खोटी नोंद' लिहायला घेतलं, पण हात वळेना. शेवटी लिहिलं: निरीक्षक गैरहजर. ते खरंही होतं आणि बाईवर आळही येत नव्हता.

शनिवारी सकाळी मी डायनिंग टेबलाशी एरोग्राम, म्हणजे घडी घालून चिकटवायचं हवाई टपालाचं पत्र, घेऊन बसलो. जुन्या ऑफिसचा पत्ता आठवत होता. मजकूर चार ओळींचा. दीपाचा ताप उतरला होता, तिला स्विमिंगला घेऊन उल्हास निघतच होता.

"बाबा, पोस्टात टाकायचंय? द्या, वाटेत टाकतो." त्याने पत्र उचललं. "पत्ता नीट आहे ना?" म्हणून तो बघायला लागला आणि बघता बघता वाचायला लागला. मी अडवू शकलो असतो. अडवलं नाही.

'९ ते १९ जानेवारी १९५८ या अकरा दिवसांच्या माझ्या नोंदी मी नंतर बसून लिहिलेल्या आहेत. त्या काळात मी सातारा येथे पत्नीजवळ होतो. तरी सदर नोंदी रद्द कराव्यात. कारण: निरीक्षक गैरहजर.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून बसला.

"सतरा तारखेला..." तो म्हणाला.

"तिथेच होतो."

"राजारामकाका तर म्हणायचे..."

"त्याने माझी नोकरी वाचवली रे. त्याचा दोष नाही. मी तुला सांगायला हवं होतं."

"एकोणतीस वर्षं, बाबा," उल्हास म्हणाला. "मी तुम्हाला एकोणतीस वर्षं..."

"डॅड! वी आर लेट!" दारातून दीपा ओरडली.

"फाइव्ह मिनिट्स, बेटा," तो म्हणाला, पण उठला नाही. पत्राच्या घडीवरून बोट फिरवत राहिला. पस्तिशीचा माणूस, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली, पण त्या क्षणी मला तो राजारामच्या ओट्यावर बसलेला दिसला. मी एकोणीस तारखेला आलो तेव्हा तो तिथेच बसला होता आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

"बाबा, थंडी होती का हो तेव्हा साताऱ्यात?" त्याने विचारलं. "आईला थंडी सोसायची नाही."

मी आठवून पाहिलं. लोखंडी कॉट आठवली, तिच्या पायांवरचं लाल घोंगडं आठवलं, औषधाच्या बाटलीवर चिकटवलेल्या कागदाच्या खुणा आठवल्या. खिडकी होती की नव्हती, तेच आठवेना.

"माहीत नाही रे," मी म्हणालो. "त्या अकरा दिवसांत मी हवेकडे बघितलंच नाही."

उल्हासने मान हलवली. एरोग्रामच्या कडेचा डिंक जिभेने ओला केला, घडी मिटली आणि ती चिकटेपर्यंत दोन्ही तळहातांनी टेबलावर दाबून धरली.