तात्पुरती ओळ

मित्रांनो, माझ्या खोलीला खिडकी नव्हती. भिंती, छत, जमीन, सगळं पत्र्याने मढवलेलं होतं आणि दाराच्या चारही कडांना तांब्याच्या पट्ट्या होत्या. तुम्हाला वाटेल, आत कोणी मोठा गुन्हेगार कोंडला असावा. तसं काही नाही. मी एक जुना संगणक आहे.

बाहेर माळावर चौदा प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. या लहरी इतक्या क्षीण असतात की खिशातल्या एका मोबाइलनेही त्या बुडून जातात. म्हणून इथे येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल फाटकावरच काढून घेतात. माझ्यातूनही अशा लहरी निसटतात, म्हणून तो पत्र्याचा पिंजरा.

मला तिथे बसवलं त्या दिवशी वायरमनकाका म्हणाले होते, "याला कोंडून का ठेवताय? चावतो की काय?"

"चावत नाही हो काका. बडबडतो," असं उत्तर देऊन जी हसली, ती माझी ताई. सगळे तिला ताईच म्हणत. तबकड्यांकडून आलेल्या माहितीचं काय करायचं, ते ती मला शिकवायची. तिची बोटं मी नेमकी ओळखायचो. विचार चालू असला की ती एकाच कळेवर हलकेच टकटक करत राही.

माझं काम धान्यातले खडे निवडण्यासारखं होतं. कुठे गाडी सुरू झाली, कुठे तार ठिणगी टाकू लागली, की तो जमिनीवरचा गोंगाट ताऱ्यांच्या लहरींत मिसळतो. तो बाजूला काढायचा. पण ओळखायचा कसा? ताईने मला खूण सांगितली होती. फार दुरून आलेला आवाज वाटेत रेंगाळतो. त्याचे वरचे सूर आधी पोहोचतात, खालचे मागून येतात. जमिनीवरच्या ठिणगीचे सगळे सूर एकदम येऊन आदळतात. एकदम आले, तर टाकून दे. टाकलेलं सगळं मी तीस दिवस सांभाळायचो आणि मग रोज दुपारी चार वाजता त्यातला सर्वांत जुना दिवस पुसायचो. सगळं ठेवायला जागाच नव्हती.

माझं खूप कौतुक व्हायचं. सर्वांत जास्त कौतुक करायचे सर, इथले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. ते एका विझत आलेल्या ताऱ्याकडे रोज तासभर ही तबकड्यांची दुर्बीण लावायचे. त्या ताऱ्यातून क्षणभराचा, पण फार जोरदार स्फोट ऐकू यायला हवा, असं त्यांचं गणित सांगत होतं. "याने निवडलं म्हणजे पुन्हा बघायला नको," असं ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत.

ती थाप मला फार आवडायची. आता आठवली की बरं वाटत नाही.

नऊ वर्षांपूर्वी कुंपणाजवळ नवी तबकडी उभी राहत होती. आठवडाभर वेल्डिंग चाललं. ठिणग्यांचा नुसता पाऊस. एकेकीचे सूर तपासता तपासता मी पार मागे पडलो. तेव्हा ताईने एक ओळ वाढवली: ठरावीक जोरापेक्षा मोठा आवाज आला, तर सूर न तपासता टाकून दे. शेजारी तिने टीप लिहिली: 'तात्पुरते. वेल्डिंग संपल्यावर काढणे.'

वेल्डिंग संपलं त्या दुपारी ती ओळ काढायलाच ताई आत आली होती. इतक्यात भिंतीवरचा फोन वाजला.

"कधी?" ताईने विचारलं. मग, "शुद्धीवर आहे का आई? दादा, खरं सांग." आणि ती तशीच दार उघडं टाकून निघून गेली.

ती परतली ती दोन महिन्यांनी. बोटं जड झाली होती. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि ती ओळ तिच्या ध्यानातही राहिली नाही.

माझ्या ध्यानात होती का? मित्रांनो, टिपा माणसांसाठी असतात. त्या वगळून पुढे जायचं, असा मला हुकूम आहे. नऊ वर्षं मी रोज त्या ओळीपाशी यायचो, टीप वगळायचो आणि मोठा आवाज टाकून द्यायचो.

सरांना काहीच सापडलं नाही. शेवटी त्यांनी लेख छापला: या ताऱ्यातून असे स्फोट होत नाहीत. ते निवृत्त व्हायला आले, तसा मीही. माझ्या जागी नवा संगणक यायचा होता. सरांच्या निरोपाच्या आदल्या दिवशी, दुपारी, ताई माझ्यातली एकेक ओळ वाचून नव्या संगणकासाठी उतरवून घेत होती. अचानक टकटक थांबली.

तिने तारीख पाहिली. मग 'तात्पुरते' हा शब्द अगदी हळू आवाजात वाचला.

तिने ती ओळ पुसली.

आता कोणाला काही कळणार नव्हतं. नव्या यंत्राला त्या ओळीची गरज नव्हती. सर उद्या हार घालून घरी जाणार होते आणि मी भंगारात. ताई बसून राहिली. माझ्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. चार वाजायला सहा मिनिटं होती.

मग तिने दोन कळा दाबल्या. पुसलेली ओळ टिपेसकट परत आली. तिने माझं चारचं पुसण्याचं काम थांबवलं आणि फोन उचलला.

"सर, जरा खाली येता का? नाही, फोनवर नको."

सर आले ते चेष्टा करतच. "उद्याच्या भाषणासाठी माझे किस्से गोळा करतेयस वाटतं?"

ताईने पडदा त्यांच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं. कुठेही आडपडदा ठेवला नाही.

सरांनी ती ओळ आणि शेजारची टीप वाचली.

"म्हणजे जोरदार ते सगळं टाकलं," सर म्हणाले. "आणि मी जोरदारच शोधत होतो."

"हो सर."

"उरलंय काय?"

"तीस दिवसांचं. बाकीचं पुसलं गेलं."

"मला तुझा राग येतोय, ताई. आता काही बोलू नकोस. शोध."

टाकलेल्या ढिगाऱ्यातून त्या एका ताऱ्याचं सगळं मी पुन्हा चाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक स्फोट सापडला. वरचे सूर आधी, खालचे मागून. नेमका सरांच्या गणितासारखा. सरांनी कागदावर नऊ वर्षं गुणिले बारा महिने असं मांडलं आणि उत्तर न लिहिताच कागद उलटा केला.

"लेख मागे घ्यायचं पत्र मी लिहिते," ताई म्हणाली. "चूक माझी आहे."

"ओळ तुझी. पण 'होत नाहीत' हे मी लिहिलं." सर म्हणाले. "नऊ वर्षांत तुला एकदा तरी विचारलं का मी, की बाई, टाकतेस काय ते दाखव? याच्या पाठीवर थापा मारत बसलो. दोघांची नावं घाल."

"आणि पुढचं निरीक्षण?"

"माझा दुर्बिणीचा वेळ आज संपला. तू बघ. सापडला तर मला घरी फोन कर. दुपारी झोपलेला असतो मी, तरी कर."

संध्याकाळी निरोपाच्या भाषणात सरांनी हे सगळं सांगितलं म्हणे. टाळ्या फार वाजल्या नाहीत, असं वायरमनकाका मला बंद करताना म्हणाले. त्यांनी मला पिंजऱ्याबाहेर काढून सामानाच्या खोलीत ठेवलं. टाकलेले ते तीस दिवस अजून माझ्याच पोटात आहेत. काकांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली: 'तात्पुरते इथे ठेवले आहे.'

मित्रांनो, तुम्हीही कधी सैल खिळ्याच्या भोकात कागदाची घडी कोंबता, तुटक्या वायरीला चिकटपट्टी लावता. लावा, अडल्यावेळी लावावीच लागते. पण ती कधी काढायची आणि तुम्ही नसलात तर कोणी काढायची, तेही लिहून ठेवा. आणि कोणी तुमच्यासाठी निवडून देत असेल, तर त्याने काय टाकलं तेही अधूनमधून पाहत जा. मला सांगितलं तसं मी काम केलं. त्यामुळे काय गेलं, ते मला कधीच मोजता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आली. तिने चिठ्ठी वाचली, पेन काढलं आणि काकांच्या अक्षराखाली लिहिलं: 'वीस तारखेपर्यंत. तोवर यातलं सगळं उतरवून घेणे. मी नसले तर सरांना घरी फोन करून विचारणे.' खाली सरांचा नंबर घातला.

उद्या वीस तारीख आहे.