उजव्या गालावरचा तीळ

मित्रांनो, मी एक जुने कव्हर आहे, गाण्यांच्या रेकॉर्डचे. माझ्या पोटात आता रेकॉर्ड नाही. कोपरे दुमडले आहेत आणि पाठीवर चहाच्या कपाचा गोल डाग आहे. पण एके काळी माझ्यावरचा चेहरा पाहायला लोक दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहत.

तो चेहरा एका नव्या गायिकेचा. वय एकोणीस, मोकळे हसू आणि डाव्या गालावर टपोरा तीळ. फोटो झकास आला होता, पण नाव लिहायला जिथे जागा हवी, नेमकी तिकडेच ती झुकली होती. चित्रकाराने शक्कल लढवली. निगेटिव्ह उलटी ठेवून फोटो छापला. नाव ऐसपैस बसले. तीळ उजव्या गालावर गेला, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

रेकॉर्ड हातोहात खपली. मुली उजव्या गालावर पेन्सिलीने तीळ काढून मिरवू लागल्या. मी तर हवेतच होतो! मग तिचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "ही ती नव्हेच!"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांनी मला टेबलावर आपटले.

"पन्नास हजार कव्हरं छापून झालीत. कव्हर बदलणार नाही. तीळ बदला."

"अहो, पण माझ्या आईलाही इथेच तीळ आहे," ती म्हणाली.

"आईला कोण बघायला येतंय?"

तेव्हापासून मी मेकअपच्या खोलीत, आरशासमोरच्या भिंतीवर टांगलेला. मेकअप करणाऱ्या ताई आरशात दोन्ही चेहरे ताडून पाहत. डावा तीळ पावडरखाली, उजवा काजळाचा. अशी अकरा वर्षे गेली. ती माझ्याकडे बघेनाशी झाली. मला फार अपराधी वाटे.

एकदा तिचा भाऊ आईला घेऊन आला. आईची आठवण विरत चालली होती. त्याने तिला आरशापुढच्या खुर्चीत बसवले. मुलगी सजून समोर आली, वाकली. आईने तिच्या उजव्या गालावर बोट ठेवले, बोट काळे झाले.

"तुम्ही कोण, बाई?"

मग तिची नजर आरशात गेली. तिथे मी उलटा दिसत होतो, म्हणजे सुलटा. डाव्या गालावर तीळ, एकोणीस वर्षांचे हसू. आईचा चेहरा उजळला.

"ठमे! जेवलीस का गं? घरी कधी येतेस?"

मुलीने कापूस घेऊन खसाखसा तोंड पुसले. काजळ गेले, पावडर गेली, खरा तीळ वर आला. "आई, इकडे बघ ना. मी आहे, ठमी." आई आरशातच बघत राहिली.

त्यानंतर मुलीने काजळाचा तीळ कधीच लावला नाही. कंपनीने तिला वाऱ्यावर सोडले. ती मला काखोटीला मारून घरी आली. आता रोज संध्याकाळी ती आईला आरशापुढे बसवते आणि मला छातीशी धरून मागे उभी राहते.

"घरी कधी येतेस, ठमे?" आई मला विचारते.

"आलेय गं, आई," माझ्या मागून ती म्हणते.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. माझ्यामागे जी उभी आहे ना, तिच्याकडे बघा.