शेजारची जागा

सकाळपासून दफनभूमीच्या बाजूने पहारीचा आवाज येत होता आणि विहीरतात्या ओट्यावर बसून तो ऐकत होते. चाळीस वर्षे विहिरी खोदण्यात गेलेला तो माणूस. खडकाचा स्वभाव त्यांना नादावरून कळे. मुरूम असला की घाव दबका ऐकू येतो, खडक भेगाळलेला असला की फुटका. हा नाद मात्र घंटेसारखा लांबत जाणारा होता. खाली सलग कातळ होता. चार माणसे सूर्यास्तापर्यंत घाव घालीत राहिली तरी वीतभर खोल जाणार नव्हती. त्या घटकेला गावात हे एकट्या तात्यांना ठाऊक होते, आणि तात्या गप्प होते.

पहाटे त्यांच्या मेहुण्याची सून बाळंतपणात गेली होती. मूलही वाचले नाही. सून बावीस वर्षांची.

आमच्या ख्रिस्ती गावाची दफनभूमी खडकाळ माळावर आहे. सुपीक जमीन जिवंतांसाठी ठेवून पूर्वजांनी मृतांना माळ दिला. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. साठी उलटली की माणसाने पावसाळ्यात, खडक जरा ओलावलेला असताना, आपली जागा आपणच खोदून घ्यायची, नदीचा गाळ आणून ती भरून ठेवायची आणि उशाशी दगड रोवायचा. वेळ आली की मऊ माती उपसायला तासही लागत नाही. तरुणांसाठी मात्र कोणी खोदीत नाही. तसे बोलायलाही कोणाची जीभ रेटत नाही. म्हणून तरुण माणूस उन्हाळ्यात गेले की गावाच्या तोंडचे पाणी पळते. त्या वर्षी तयार अशी एकच जागा उरली होती. ती तात्यांची, त्यांच्या पत्नीच्या थडग्याला लागून.

"मामंजी, चहा निवला," तात्यांची सून दारातून म्हणाली.

"निवू दे."

"यांचे मामा स्वतः पहार मारतायत म्हणे. हातांची सालं निघालीत."

"त्याला दगड हलवायची सवय आहे. बांधावरचा हलवला, आता हाही हलवेल."

सुनेने कप उचलला. "अकरा वर्षं झाली त्या दगडाला. आणि गेली ती काही बांधावर आली नव्हती," एवढे बोलून ती आत गेली.

मेहुण्याने बांधाचा दगड तात्यांच्या शेतात दोन हात सरकवला, तेव्हापासून दोघांत अबोला होता. तात्यांच्या पत्नीच्या अंत्यविधीलाही दोघे शवपेटीच्या दोन टोकांना उभे राहिले आणि एकमेकांकडे न पाहता परतले.

दुपार कलण्याआधी पाळकसाहेब आले. घामाने त्यांची कॉलर भिजली होती. ते ओट्याच्या कडेला बसले आणि रुमालाने मान पुसत राहिले.

"बोला की," तात्याच म्हणाले. "काय मागायला आलात ते ठाऊक आहे मला."

"मग मी कशाला बोलू?"

"तुमच्याच उपदेशावर सगळं सोडलं मी, पाळकसाहेब. जमीन मुलांना दिली. बैल दिले. मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. आता साडेतीन हात राहिलेत. त्यावरही डोळा?"

"माझा कसला डोळा, तात्या! ऊन बघा. संध्याकाळपर्यंत देह टिकायचा नाही. तिच्या नवऱ्याने अजून हात सोडलेला नाही."

तात्यांनी मान फिरवली. "वचन दिलंय मी माझ्या बायकोला. तुम्हाला काय माहीत, ती कधी एकटी एका खोलीत झोपली नाही. मी विहिरीच्या कामावर परगावी गेलो की शेजारणीला बोलवायची. शेवटच्या दिवशी माझं बोट धरून म्हणाली, मला एकटीला ठेवू नका हो. तो खड्डा मी एक अख्खा पावसाळा खोदला. दोघांच्या मध्ये, म्हणजे तिच्या नि माझ्या मध्ये, एवढी टीचभर भिंत ठेवलीय. हाक मारली तर ऐकू जाईल."

"ती एकटी आहे असं वाटतं तुम्हाला? इतकी वर्षं प्रार्थनामंदिरात पहिल्या बाकावर बसून?"

पाळकसाहेब उठले.

"व्यासपीठावरून तुमचं नाव घेतलं होतं मी, तात्या. ज्याने प्रभूसाठी सर्व सोडलं तो माणूस पाहा, असं म्हणालो होतो. माझीच घाई झाली." त्यांच्या स्वरात राग नव्हता. ते उन्हात चालू लागले.

ते शब्द तात्यांच्या जिव्हारी लागले, पण ते उठले नाहीत. त्या रविवारी सारे प्रार्थनामंदिर आपल्याकडे वळून पाहत असताना मनाला झालेली गुदगुली त्यांना आठवली आणि तिची लाज वाटली. तरीही ते बसूनच राहिले.

मग आवाज थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाला तो एकाच पहारीचा. बाकीचे थकून बसले असावेत. घाव वेडेवाकडे पडत होते. पहारीचे टोक बोथट झाले होते आणि मारणाऱ्याचा दम संपत आला होता. कान मिटता आले असते तर तात्यांनी ते मिटले असते.

विहीर खोदणाऱ्यांत एकच पाप मोठे मानतात. खाली काही लागणार नाही हे कळत असताना दुसऱ्याला घाव घालू द्यायचे, हे ते पाप. उभ्या हयातीत तात्यांनी ते केले नव्हते. मजुरी बुडाली तरी मालकाला सांगितले होते, थांबा, इथे नाही. आणि आज सकाळपासून ते ओट्यावर बसून तेच पाप करीत होते.

त्यांनी पहार आणि फावडे उचलले.

माळावर मेहुणा एकटाच उभा होता. तळहातांना चिंध्या बांधलेल्या, त्याही लाल झालेल्या. पुढ्यातला खड्डा घमेल्याएवढाही नव्हता.

"थांब," तात्या म्हणाले. "खाली सलग कातळ आहे."

मेहुण्याने पहार टेकवली.

"सकाळीच कळलं होतं मला," तात्या म्हणाले. "आवाजावरून."

"सकाळी?"

"हो."

"आणि आत्ता सांगताय, दाजी?"

अकरा वर्षांनी त्या तोंडून दाजी हा शब्द आला, आणि तो असा आला. तात्या आपल्या जागेशी गेले. उशाचा दगड त्यांनी स्वतः घडवला होता, त्यावर क्रूस कोरला होता. तो दोन्ही हातांनी हलवून त्यांनी उपटला, बाजूला ठेवला आणि माती उपसू लागले. थोड्या वेळाने मेहुणा पलीकडून उतरला. दोघे एकाच खड्ड्यात पाठीला पाठ लावून माती काढीत राहिले.

"तुमचं काय मग?" मेहुण्याने विचारले.

"माझं काय? माती मऊ लागेल तिथे टाकतील. कोण कुठे निजलाय हे उठवणाऱ्याला ठाऊक आहे."

"दाजी, बांधावरचा तो दगड..."

"आज दगडाचं नाव काढू नकोस."

तो दगड पुढेही हलला नाही, हे मी सांगून ठेवतो. ऐकणाऱ्याला गोड वाटावे म्हणून मी तो हलवणार नाही.

ऊन उतरताना माय आणि लेकरू एकाच पेटीत खाली गेली. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. नवऱ्याने मूठभर माती हातात घेतली, पण ती टाकणे त्याला जमेना. शेवटी बापाने त्याची बोटे एकेक करून उघडली.

खड्डा भरल्यावर माती उरली, पेटीने व्यापली तेवढी. तात्या त्या ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी ती पाटीपाटीने नेऊन मेहुण्याने कातळात पाडलेल्या खळगीत ओतली आणि पायाने दाबली. उघडा खड्डा मागे ठेवायचा नाही, ही हाताची जुनी सवय. आपला कोरलेला दगड त्यांनी त्या मुलीच्या उशाशी रोवला.

माणसे पांगली. तात्या पत्नीच्या थडग्याशी गुडघे टेकून बसले. मी फाटकाजवळ होतो, म्हणून मला ऐकू आले.

"शेजार मिळाला गं तुला," ते म्हणत होते. "तुझ्या भावाचीच सून. पोर आहे जवळ, आणि तिला अजून काही कळत नाही पोराचं. बघ जरा."

घरी पोहोचले तेव्हा सून दारात उभी होती. तिने त्यांच्या हातांकडे पाहिले.

"मामंजी, पहार कुठाय?"

"राहिली तिथेच," तात्या म्हणाले. "पुढच्याला लागेल."