प्रेक्षकांनी आपापल्या गाड्या आणाव्यात

बाप रिकामा बसला की त्याच्या डोक्यात काय काय शिजतं, हे जेनेल प्रॉखनाउला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि कळलं तेही फार उशिरा.

एप्रिलमध्ये तिने एलरॉयकडून, म्हणजे आपल्या एकोणऐंशी वर्षांच्या बापाकडून, गाडीची किल्ली काढून घेतली होती. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांबद्दल जे सांगितलं ते त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं, आणि पुढच्याच आठवड्यात ट्रॅकचं तिकीटघर बंपरने हलवलं. तिकीटघर मुळातच तिरकं होतं, असं त्याचं म्हणणं.

ट्रॅक त्यानेच बांधलेला. विस्कॉन्सिनमधल्या मक्याच्या शेतात पाव मैलाचं डांबरी वर्तुळ, उन्हाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी गाड्यांच्या शर्यती. एके काळी बाकांवर बसायला जागा मिळत नसे. आता प्रेक्षक म्हणजे शर्यतवाल्यांच्या बायका, मेव्हणे आणि त्यांची कुत्री. हा हंगामही असाच गेला तर पुढच्या वर्षी दिवे लागणार नाहीत, हे जेनेलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने गर्दी जमवायचा चंग बांधला.

आधी फुकट कलिंगडांचा शनिवार. लोक आले, कलिंगड खाल्लं आणि साली दुसऱ्या वळणावर फेकून मोकळे झाले. पहिल्या तीन गाड्या अशा घसरल्या की शर्यतवाले आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग कुत्रा आणा, तिकीट माफ. त्या रात्री सॉसेजच्या टपरीचं जे झालं ते ती अजून कुणाला सांगत नाही. कल्पना डोक्यात येताना सोन्यासारखी वाटते, झाडू मात्र आपल्यालाच मारावा लागतो.

त्यात एलरॉयच्या कल्पना वेगळ्याच. सत्तरी ओलांडलेल्यांची शर्यत ठेव म्हणे. मग म्हणे, सगळ्यांच्या पुढे जी गाडी हळू चालते ना, ती ट्रॅकच्या संस्थापकाला चालवू दे, लोकांना इतिहास आवडतो. त्यानंतर तर कहरच. चालकाचे डोळे बांधायचे आणि शेजारी बसलेल्याने डावं-उजवं ओरडायचं.

"यात डोळे लागतच नाहीत," तो म्हणाला होता.

जेनेलच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण सॉसेजवाल्याची समजूत काढण्यात तिच्या नाकी नऊ आले होते.

ऑगस्टमध्ये मात्र त्याने एक खरंच नामी गोष्ट सुचवली. प्रेक्षकांची शर्यत. जो ज्या गाडीने आला ती पार्किंगमधून थेट ट्रॅकवर आणायची. हेल्मेट आपण देऊ, लायसन्स त्याचं. दोन-दोनच्या जोड्या, एकच फेरी. जेनेलने हो म्हटलं, आणि त्या शनिवारी बाकं भरली. शेजारच्या गावांतून लोक आले. राष्ट्रगीत व्हायच्या आत तळलेलं चीज संपलं. पाव पोचवणाऱ्याने शाळेच्या मुख्याध्यापिकेला हरवलं तेव्हा असा आरडाओरडा झाला की जेनेल कित्येक महिन्यांनी मनापासून हसली.

तेवढ्यात वरच्या मनोऱ्यातून डुएनचा आवाज आला. गेली वीस वर्षं लाउडस्पीकरवर तोच बोलतो. "पुढची जोडी. बाहेरच्या बाजूला पास्टर लुंड आणि त्यांची व्हॅन. आणि आतल्या बाजूला, मंडळी, ज्याने हा ट्रॅक बांधला तो माणूस."

ती लांबलचक मरून गाडी संथपणे रेषेवर येऊन थांबली. लोक उठून उभे राहिले, एलरॉयच्या नावाने ओरडू लागले. जेनेल धावतच खिडकीशी पोचली.

"उतरा."

"लायसन्स डिसेंबरपर्यंत चालू आहे," एलरॉय समोर बघत म्हणाला. हेल्मेट त्याने आधीच चढवलं होतं. "नियम तूच लिहिलायस."

"किल्ली कुठून आणलीत?"

"दुसरी बनवून घेतली. मे महिन्यात."

जेनेलच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "म्हणजे ते सत्तरीवाले, ते डोळे बांधणं, सगळं यासाठी? मला वाटलं तुम्हाला ट्रॅकची काळजी आहे."

"आहेच की. बाकं कुणी भरली? एक फेरी, जेनी. झोपेत मारीन."

"खुशाल मारा. पण शेजारी पास्टर आहेत आणि त्यांच्या घरी तीन पोरं आहेत. बाबा, मी हात टेकले तुमच्यापुढे."

तिने हात आडवा करून झेंडेवाल्याला थांबवलं. ते बाकांवर दिसलं आणि हुर्यो सुरू झाली. "जाऊ दे की म्हाताऱ्याला," कुणीतरी ओरडलं. जेनेलला रडूच यायचं बाकी राहिलं. उन्हाळाभर जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती गर्दी एकदाची आली, आणि आली ती तिचीच हुर्यो करायला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या वळणावरची पाटी वाचून दाखवा. वाचलीत तर जा."

एलरॉयने मानही वर केली नाही. "हाउग फीड मिल, पशुखाद्य. खाली पिवळ्या अक्षरांत, 'गाई विचारतात, तुम्हीही विचारा'. झालं?"

जेनेलने आडवा केलेला हात खाली घेतला नाही. ते बघून त्याने मान वर केली आणि वळणाच्या दिशेने बराच वेळ पाहिलं.

"काय आहे तिथे?"

"दात, बाबा. दंतवैद्याची जाहिरात आहे. दाराएवढे पांढरे दात."

"मिलची पाटी कधी काढली?"

"मागच्या वर्षी."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही दर शनिवारी तिच्यासमोर बसत होतात."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून मांडीवर घेतले. बाकांवरचा आवाज आता वाढला होता. त्याने कान दिला.

"हे तुला ओरडतायत?"

"नाहीतर काय तुम्हाला?"

एलरॉयने इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, उतरला, चाचपत बॉनेट उघडलं आणि आत वाकून मान हलवत राहिला. मग मनोऱ्याकडे तोंड करून त्याने गळ्यावरून बोट फिरवलं.

"अरेरे," डुएन म्हणाला. "एलरॉयची गाडी बंद पडली, मंडळी."

हुर्यो थांबली. आधी हशा पिकला, मग टाळ्या सुरू झाल्या. जेनेल मात्र थिजल्यासारखी उभी राहिली. हा माणूस तरुणपणी शेकडो शर्यती हरला होता, आणि दर वेळी चालवणारा कमी पडला म्हणून सांगत आला होता. गाडीवर त्याने कधी बोल येऊ दिला नव्हता. आज सबंध गावासमोर त्याने धडधाकट गाडी बंद पाडली.

"आता ढकलायला हवी," तो हळूच म्हणाला. "नाहीतर पटायचं नाही कुणाला."

पास्टर लुंड व्हॅनमधून उतरून मदतीला आले. जेनेलही मागे जायला निघाली, तर एलरॉयने तिचं कोपर धरलं.

"मागे आम्ही दोघं. तू आत बस."

"तुम्ही बसा ना, बाबा. नुसतं स्टिअरिंग धरायचंय. लोकांनाही बरं वाटेल."

"नको," तो म्हणाला. "गेट कुठे आहे ते मला दिसत नाही."

ती आत बसली. सीट त्याच्या उंचीला लावलेली होती, तिचे पाय जेमतेम पोचले. गाडी हलली. आरशात तिला बाप दिसला. एका हाताने ढकलत होता, आणि टाळ्या जिकडून येत होत्या तिकडे दुसरा हात हलवत होता.